सतरा नंबरचा दगड

माझ्या थोरल्या भावाला फोडायचा हुकूम कुणी दिला? येणाऱ्या प्रत्येक साहेबाला मी हे विचारलं. सगळे माझा आकडा वहीत लिहून पुढं गेले.

मी जंगलाच्या हद्दीचा दगड. सोलापूरच्या दक्षिणेला, उघड्या माळावर, एकाच खडकाचे आम्ही दोन तुकडे. थोरला झऱ्याकाठी राहिला. बायका त्याच्यावर घागर टेकवायच्या. सरकारनं माळाला राखीव जंगल ठरवलं, तेव्हा मला पाथरवटानं घडवून माळाच्या कडेला रोवलं. शिक्षण म्हणाल तर अंगावर कोरलेला सतरा हा आकडा, तेवढाच मला येतो.

मला रोवलं त्या दिवशी गुरम्मा आली. एका म्हशीवर पोट असलेली, ती याच माळावर चारणारी बाई. इथं शिवेच्या दगडाला देव मानतात. तिनं मला शेंदूर लावला, नारळ फोडला.

"बघा साहेब, रयतेनं हद्द मान्य केली!" जंगल खात्याचा कारकून सोबतच्या साहेबाला म्हणाला.

मान्य? ती पाया पडली होती, माळ देऊन टाकला नव्हता! चावडीवर जाहीरनामा लागला होता म्हणे, मुदतीत हक्क सांगा म्हणून. तिला वाचता कुठं येत होतं?

"बाई, जंगलाचा अठ्ठ्याहत्तरचा कायदा गेला. आता सत्तावीसचा आलाय," कारकून तिला म्हणाला.

"कायदा तुमचा बदलतुया, मग जातुया आमचाच माळ व्हय?"

झऱ्याखालचं तिचं शेतही शहराच्या तलावासाठी गेलं. त्याला जमिनी ताब्यात घ्यायचा चौऱ्याण्णवचा वेगळा कायदा. सार्वजनिक काम! त्या सार्वजनिकात गुरम्माला कुणी धरलंच नाही. तलावाच्या बांधाला दगड कमी पडले, तेव्हा सुरुंग लावून माझ्या थोरल्याच्या चिरफळ्या केल्या. तो धडाका अजून माझ्या अंगात आहे.

उन्हाळ्यात गुरम्माची तहानलेली म्हैस जुन्या सवयीनं हद्दीच्या आतल्या झऱ्याकडे निघाली. माझ्यापाशी थांबून पाठ घासू लागली. जंगलाचा राखणदार धावत आला.

"दगडाच्या आत, सरकारी जंगलात आलीय! चल कोंडवाड्यात."

"आवो, खाज सुटलीय तिला. खाजंला बी कायदा हाय का?" मागोमाग आलेली गुरम्मा म्हणाली.

त्यानं दावं धरलं. गुरम्मा त्याला आडवी आली. म्हैस गेली तर चूल कशावर पेटणार?

माझं डोकं फिरलं. म्हशीनं पुन्हा जोरात पाठ घासली आणि मी बुडाखालचा मुरूम सोडला. गडगडत खालच्या आटलेल्या ओढ्यात गेलो.

राखणदार रिकाम्या खड्ड्याभोवती हद्द शोधू लागला. इतक्यात आवाज ऐकून गावची माणसं जमली.

"आता सांगा की, दादा," गुरम्मा म्हणाली, "म्हैस आत हाय का भायेर?"

त्यानं दावं सोडलं. मी सतराचा आकडा वाळूत दाबून पालथा पडून राहिलो.