मेल्या गाळाला विरजण

सूनबाईंच्या प्रयोगशाळेत कपाटभर बरण्या होत्या. प्रत्येकीत खाली तळ्याचा गाळ, वर पाणी, आणि त्यात पिकावर फवारायचं कीटकनाशक मोजून घातलेलं. उजेडानं ते विरू नये म्हणून कपाटाला काळा पडदा.

"आई, इथला गाळ जिवंत आहे. यातले जंतू हळूहळू औषध खाऊन टाकतात," सुनेनं डबा घेऊन आलेल्या सासूबाईंना समजावलं. "आणि या तीन बरण्यांतला उकडून मारलाय. तिथं औषध तसंच राहिलं, तरच काम जंतूंचं हे सिद्ध होईल. त्यावर माझी पदवी."

"मारलाय?" सासूबाईंचा जीव कळवळला. "शेजारी पंगत बसलीय, आणि ही तिघं उपाशी?"

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला, ती बाहेर गेली. देवानं ज्या बाईच्या हातात माया घातली, तिचा हात रिकामा कसा राहणार? सासूबाईंनी चमचा शोधला आणि जिवंत गाळातलं थोडं एका मेलेल्या बरणीत सोडलं.

पदवीच्या तोंडी परीक्षेला परीक्षक बाई आल्या. दोन मेलेल्या बरण्यांतल्या औषधाचे आलेख सरळ, तिसरीचा मध्येच कड्यावरून पडल्यासारखा.

"इथं काय झालं?"

सुनेला कालच घरी सासूबाईंच्या बोलण्यातून सगळा उलगडा झाला होता. लपवावं, की खरं सांगून वर्ष घालवावं?

"इथं... माझ्या सासूबाई झाल्या."

सासूबाई दाराबाहेरच होत्या. त्यांना आत बोलावलं.

"काय घातलंत?"

"विरजण हो. अर्धा चमचा. दुधाला लागतं तेवढंच."

"कधी?"

"हिची चुलत बहीण बाळंत झाल्याचा फोन आला ना, तेव्हा."

सुनेनं फोनमध्ये तारीख काढली. आलेख त्यानंतर चारच दिवसांनी घसरायला लागला होता. परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला.

"दोन मेलेल्या राहिल्या, तिथं औषधही राहिलं. एकीत जंतू शिरले, तिथलं औषध गेलं. मुली, तुझं म्हणणं पक्कं झालं. पण ही चूक प्रबंधात स्पष्ट लिहायची."

सुनेनं सुटकेचा श्वास सोडला आणि मान डोलावली.

"एक सांगा आजी, बाकी दोन का सोडल्यात?"

"झाकणं निघेनात हो." सासूबाईंनी पदर खोचला. "आता तुम्ही आहातच, तर जरा जोर लावता का?"