शेवटच्याने बाण पुसायचे

खिडकीचं माप एकटीने घेणं अवघड. टेपचं एक टोक आपल्या हातात असतं, दुसरं कोणीतरी धरावं लागतं. पडदे शिवणाऱ्या मावशींचं दुसरं टोक त्यांच्या थोरल्या बहिणीने जन्मभर धरलं आणि एके दिवशी सोडलं ते कायमचंच. तेव्हापासून मावशी लोकांच्या घरी स्टुलावर चढायच्या, टेपचं टोक टाचणीने चौकटीला खोचायच्या आणि आकडा मोठ्याने म्हणायच्या. लिहून घेणारं कोणी नसायचं. घरी शिवणाचं मशीन आणि दोन खुर्च्या. एकीवर त्या बसायच्या, दुसरीवर कापड.

भाचीने फोनवरून फर्मानच काढलं. "मावशी, चार दिवसांची सायकल सहल आहे. तुझं नाव घातलंय."

"अगं, या वयात?"

"सायकल रोज दामटतेस तेव्हा आठवतं का वय? भिंतींशी बोलतेस, त्यापेक्षा चार माणसांत जा."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या अंगणात सगळे जमले. वाटाड्या शिडशिडीत, बोलायला चटपटीत. सहलीत काय काय होणार ते तो सांगत होता. सामान टेम्पोत जाईल. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. सीट पहिल्या दिवशी बोचेल, दुसऱ्या दिवशी फार बोचेल, तिसऱ्या दिवशी तक्रार करायचंही त्राण उरणार नाही. चढाला घाई नको, उताराला मस्ती नको. फाट्याफाट्यावर रस्त्यावर खडूचा बाण असेल, तो दाखवेल तिकडे वळायचं.

"आणि कोणी मागे राहिलं तर?" बँकेतल्या काकांनी विचारलं. गुडघ्याला पट्टा बांधून आले होते बिचारे.

"आमच्यात मागे कोणी राहत नाही, काका." वाटाड्याने कोपऱ्यात साखळीला तेल देणाऱ्या रुंद खांद्यांच्या बाईकडे बोट केलं. "ही आमची शेपूट. जो सगळ्यांत शेवटी, त्याच्या मागे ही. काही झालं तरी त्याला टाकून पुढे जाणार नाही."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. काही झालं तरी टाकून जाणार नाही, असं त्या मनातल्या मनात दोनदा म्हणाल्या. रस्त्यात मिळालेली वस्तू मुठीत धरावी, तसं ते वाक्य धरून झोपल्या.

सकाळी निघाले, आणि मावशींची सायकल दावं सुटलेल्या वासरासारखी उधळली. जन्मभर मागे कापडाचे तागे बांधून चढ चढलेले पाय ते, त्यांना हा मोकळा रस्ता म्हणजे खेळ. पहिल्या वळणापर्यंत त्या वाटाड्याच्या मागोमाग होत्या. मग त्यांनी मुद्दाम पाय सैल सोडले. हा पुढे गेला, ती पुढे गेली, नवराबायकोची जोडी भांडत भांडत पुढे गेली, काकाही धापा टाकत गेले. मागे एकच चाक वाजत राहिलं.

"दमलात, मावशी?" शेपूट म्हणाली.

"जराशी," मावशी म्हणाल्या. थाप अगदी सहज निघाली, उसवलेल्या शिवणीतून दोरा निघावा तशी.

मग बोलणं सुरू झालं. शेपटीची आई कशी कडक, नवऱ्याला भात कसा कधीच जमत नाही, लेक कशी फोनमध्ये तोंड घालून बसते. मावशींनी बहिणीचं सांगितलं. फाटा आला की शेपूट उतरायची, बाटलीतलं पाणी बाणावर शिंपडायची आणि बुटाने घासायची.

"पुसतेस कशाला?"

"शेवटच्याने बाण पुसायचे. नाहीतर भलताच कोणी आमच्या वाटेने भरकटायचा."

मावशीही उतरल्या. एकीने बाणाचं टोक पुसलं, एकीने दांडा. पुढच्या फाट्यावर तसंच, त्याच्या पुढच्याही. कितीतरी दिवसांनी एका कामाला दोन टोकं मिळाली होती.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी घाट होता. मावशी गोगलगायीच्या चालीने चढत होत्या. वाटेतल्या झाडाखाली बसल्या, पाण्याचे घोट घेतले, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. शेपटीनेही घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने वळणापलीकडे दगडाला टेकून बसलेले काका दिसले. सायकल आडवी, पोटरीत गोळा आलेला, बाटली रिकामी, तोंड उन्हाने लालबुंद.

"कधीपासून बसलायत?" शेपटीने सायकल टाकली.

"झाला बराच वेळ," काका कसनुसं हसले. "म्हटलं, मागून तुम्ही येणारच. सारखा वळणाकडे बघत होतो. फोन लागेना. येणार हे माहीत असतं हो, पण कोणीच येत नाही तेव्हा नाही नाही ते मनात येतं."

ते वळणाकडे बघणं मावशींना ठाऊक होतं. दारावरची बेल वाजेल म्हणून मशीनवरचा पाय थांबवून ऐकत राहणं ठाऊक होतं. आणि आज ते त्यांनीच एका माणसाच्या वाट्याला आणलं होतं, झाडाखाली नाडी बांधत.

आपली बाटली त्यांनी काकांच्या हातात दिली. "टेम्पो कुठे आहे?"

"माथ्यावर," शेपूट म्हणाली. "पण मला यांना सोडून—"

"तू बस. मी आणते."

त्या सायकलवर चढल्या आणि पाय मोकळे सोडले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक वळण, दुसरं वळण, मागचा आवाज नाही, बोलणं नाही, नुसता आपला श्वास. शेपटीची नजर पाठीवर आहे हे त्यांना कळत होतं. मग वळण आडवं आलं आणि तीही राहिली नाही. पुढे गेलेल्यांपैकी तिघांना मागे टाकून त्या माथ्यावर पोचल्या.

"अरे, मावशी?" वाटाड्या बघतच राहिला.

"टेम्पो खाली पाठव. काका बसलेत."

संध्याकाळी शेपूट साखळी पुसत होती. मावशी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुला फसवलं ग मी."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला धाप कुठे लागत होती?"

"मग बोलली का नाहीस?"

शेपटीने फडकं उलटं केलं. "मागे राहतात त्यांच्यात बोलायचं बळ नसतं, मावशी. दिवसदिवस मी दुसऱ्याची धाप ऐकत जाते. तुम्ही बोलत होतात, बरं वाटत होतं." मग म्हणाली, "चूक माझीही आहे. आधीच बोलले असते तर काकांना पाणी तरी वेळेवर मिळालं असतं."

शेवटच्या दिवशी काका हट्टाने सायकलवर बसले. ते मागे, त्यांच्या मागे शेपूट. मावशी आपल्या चालीने निघाल्या. पुढचे फार पुढे गेलेले, मागचे फार मागे, मधे रस्ता आणि त्या. "फाटा आला," त्या मोठ्याने म्हणाल्या. उत्तराला कोणी नव्हतं.

बाण तिथेच होता, पांढराशुभ्र. पुसायला पाय शिवशिवला. पण तो आता मागच्यांसाठी होता. काका तो बघून वळतील, आणि मग शेपूट उतरेल, एकटीच, टोकही पुसेल आणि दांडाही.

मावशींनी हँडल किंचित वळवलं, चाक खडूवर येऊ न देता बाणाला वळसा घातला, आणि तो दाखवत होता तिकडे गेल्या.