दोन घोट मोहाची

आमच्या ब्राह्मणपुरीत मला सगळे ‘बाई’ म्हणतात. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे चूक नेहमी समोरच्याची असते ही सवय अजून गेलेली नाही. विधवा होऊन माहेरी आले तेव्हापासून मी, धाकटा भाऊ हेमकांत आणि केळीचं शेत, एवढाच आमचा संसार. त्याचं लग्न जमलं नाही. गट्टी जमली ती बाटलीशी.

गेल्या श्रावणात त्याचे पाय सुजले. चार पावलं चालला तरी धापा टाकायचा, आडवं पडलं की जीव घाबरायचा. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि म्हणाले, “दारूनं हृदय फुगून सैल पडलंय. रक्त पुढे ढकलायची ताकद राहिली नाही. पूर्ण सोडली तर सावरेल. पूर्ण म्हणजे पूर्ण.”

आणि त्यानं सोडली. ज्याला मी जन्मभर नावं ठेवली त्यानं गोळ्या घेत, थरथरत्या हातांनी, दात-ओठ खाऊन सोडली. दिवाळीपर्यंत सूज उतरली. तो शेताच्या बांधापर्यंत जाऊन मजुरांवर ओरडायला लागला, तेव्हा मला रडू आलं. पुढच्या तपासणीत हृदय बरंच सावरलेलं निघालं. “अशी बहीण सगळ्यांना हवी,” डॉक्टर म्हणाले. ते मी गल्लीभर सांगितलं.

पौषात थंडी कडाक्याची पडली आणि त्याला खोकला धरला. आमची आई बाळंतिणीला मोहाच्या फुलांची गाळलेली द्यायची, आम्हा पोरांनाही सर्दीत चमचाभर. माझ्या लेखी ते औषध. दारू म्हणजे दुकानातली. आमच्या शेतात कामाला येणाऱ्या दिवलीबाईला मी म्हटलं, डोंगरातल्या तुझ्या पाड्यावरून एक बाटली आण.

तिनं विचारलं, “कोनासाठे? भाऊले देवानी नही, बाई. हाई बी दारूच शे. मन्हा घरवाला हाई पिसनच गया.”

भावाला काय द्यायचं नाही, ते मजूर बाईनं मला शिकवावं? माझं डोकं फिरलं. “माझा गुडघा चोळायला हवीय,” मी ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाटली आणून दिली.

संध्याकाळी मी वाटीत दोन घोट ओतले. हेमकांतनं वास घेतला. “ताई, हाई दारू नही ना?”

“औषध आहे. पी मुकाट्यानं.”

“तू सांगस म्हनीसन पेस,” तो म्हणाला आणि प्याला.

खोकला थांबला नाही. मग मी रोज दिली. आठवड्यानं तोच वाटी पुढे करायला लागला, दोनाचे चार घोट झाले. डोळ्यांत ती जुनी चमक मला दिसली होती. मी म्हटलं, गुण येतोय.

महिनाभरात पाय पुन्हा सुजले. एका सकाळी त्याला श्वासच घेता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “पुन्हा दारू घेतली का?” हेमकांतनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “थेंबसुद्धा नाही.” त्यानं मान हलवून मला दुजोरा दिला. शाळेत घरचा अभ्यास राहिला की असाच माझ्यामागे लपायचा. आता मी त्याच्यामागे लपले होते. हृदयाचे ठोके चुकत गेले आणि दुपारी तो गेला.

दहाव्याला सगळे हळहळले. “बाईंनी जिवापाड केलं,” प्रत्येकजण म्हणत होता, आणि मी ऐकून घेत होते.

दिवलीबाई शेवटी आली. ओट्याखाली बसून बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, “बाई, तुमना गुडघा कसा शे आते?”

तिला ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ओटाभर माणसं बसली होती.

“बरा आहे,” मी म्हणाले.