बाकी सगळं जुनंच

चष्मा त्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उलटा पडला होता — काचा खाली, काड्या वर — आणि त्याला तो दिसत नव्हता, नुसता माहीत होता. कारण ठेवतानाचा आवाज त्यानं ऐकला होता, काच प्लास्टिकवर घासल्याचा, अगदी बारीक, आणि सतरा वर्षं हाच आवाज ऐकून तो गिऱ्हाइकांना बोलत आला होता, अहो काका, काचा खाली ठेवू नका हो, ओरखडे पडतात, मग म्हणता नंबर वाढला... आणि आज स्वतःच. फोटोला चष्मा चालत नाही, असं पासपोर्ट ऑफिसातली काउंटरवरची बाई म्हणाली, तशी त्यानं तो घाईघाईनं काढून हात पोचेल तिथं टाकला होता. घाई खरं तर कुणालाच नव्हती. मागे टोकन घेऊन बसलेले लोक सकाळपासून बसलेलेच होते.

"हलू नका. समोर बघा."

समोर म्हणजे कुठे? त्याचा नंबर मायनस साडेआठ. समोर एक करडा ढग होता आणि ढगात एक लाल ठिपका. तोच कॅमेरा असणार असं धरून तो ठिपक्याकडे बघत राहिला. मग बोटांचे ठसे झाले, आधी चार-चार बोटं, मग अंगठे. मग बाईनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला, म्हणजे एक उजळ चौकोन डावीकडून सरकत त्याच्या तोंडासमोर येऊन थांबला.

"फोटो, सही, पत्ता नवा घेतलाय. बाकी सगळं जुनंच ठेवलंय. बघून घ्या, बरोबर आहे ना?"

आणि तो त्या उजळ चौकोनाकडे बघून म्हणाला, "बरोबर आहे."

चष्मा हातभर अंतरावर होता. हात पुढे केला असता तर... पण बाईनं तोवर काहीतरी दाबलं, पावती निघाली, पुढच्या टोकनचा नंबर पुकारला गेला आणि तो चाचपडत ट्रे शोधायला लागला.

जिन्यात आल्यावर त्यानं चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला — हेही तो गिऱ्हाइकांना करू देत नाही — आणि डोळ्यांवर चढवला, तशा पायऱ्यांच्या कडा, भिंतीवरची सूचना, पावतीवरची अक्षरं सगळं एकदम जागच्या जागी आलं आणि त्यांच्याबरोबर ते वाक्यही आलं. बाकी सगळं जुनंच ठेवलंय. जुनं म्हणजे काय काय? पावतीवर फक्त त्याचं नाव होतं आणि एक लांबलचक आकडा. जुना पासपोर्ट हातातच होता, रद्दचा शिक्का मारून परत दिलेला. दहा वर्षांपूर्वी दुकानाचे मालक त्याला काचा घासायच्या नव्या मशीनचं काम शिकायला परदेशी पाठवणार होते, तेव्हा काढलेला. मशीन आलं, शिकवणारा माणूसही मशीनबरोबरच आला, आणि पासपोर्ट कपाटात पडला तो पडलाच. आत एकही शिक्का नाही. पहिला बसला तो रद्दचा. त्यानं शेवटचं पान उघडलं. वडिलांचं नाव. आईचं नाव. जोडीदाराच्या रकान्यात काही नाही... कुठून असणार, तेव्हा ती त्याच्या आयुष्यात नव्हतीच. म्हणजे खरंच सगळं जुनं ठेवलं असेल, तर नव्या पासपोर्टातही मला बायको नाही.

पण फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं. विवाहित, पुढे तिचं नाव, मागे लग्नाच्या दाखल्याची नक्कल. बाईनं फॉर्म बघून भरलं की मशीननं वर काढलेली जुनी नोंद तशीच पुढे ढकलली? एक नजर टाकली असती तर कळलं असतं. एक नजर, बस. आणि तीन आठवड्यांवर वकिलातीतली मुलाखत. अडीच वर्षं ती तिकडे आहे, इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात. तिनंच नवरा म्हणून त्याला बोलावून घ्यायचा अर्ज केलाय, आणि तेव्हापासून त्या जाडजूड फाइलचं एकच काम आहे, हे लग्न खरं आहे हे दाखवून देणं. फोटो, फोनच्या नोंदी, तिच्या घरमालकिणीचं पत्र. सगळं लावून झालं, आणि आता मुलाखत घेणारा साहेब परवाच छापलेलं कोरं पुस्तक उघडणार आणि विचारणार, यात तर तुम्हाला बायकोच दिसत नाही? मग फाइल बाजूला. मग पुन्हा रांगेच्या शेपटाला, एक वर्ष, दीड वर्ष, कोण सांगणार. तो कठड्याला धरून उभा राहिला.

खाली दारावरच्या शिपायाला त्यानं विचारलं. म्हणजे, विचारल्यासारखं केलं.

"दुरुस्ती असली तर वर साहेबांना भेटा," शिपाई म्हणाला. "पाचपर्यंत असतात. त्यानंतर सगळं छपाईला जातं, मग कुणाच्या हातात काही राहत नाही. काय चुकलंय?"

"छे, चुकलं काही नाही. सहज विचारलं."

सहज! त्याचे पाय त्याला न विचारताच बसस्टॉपकडे चालायला लागले. पुन्हा वर जायचं म्हणजे त्या बाईला सांगायचं की बाई, मला काही दिसत नव्हतं, तरी मी दिसतंय म्हणालो. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं. चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं. बसमध्ये त्यानं पावती चार वेळा उघडली आणि चार वेळा घडी केली. असेल की बरोबर. बाई काही आंधळी नाही... नसेलही. पासपोर्टाच्या मुदतीचंसुद्धा बायकोनंच तिकडून विचारलं होतं — तारीख बघितलीस का रे? — आणि तेव्हाही तो म्हणाला होता, बघितली. बघितली कुठे होती? फोन ठेवल्यावर कपाट उघडलं, तर चारच महिने उरलेले. वकिलातीला निदान सहा लागतात.

"या डॉक्टर! झालात का परदेशी?" मालक दुकानाच्या दारातच होते. बारावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला ते सतरा वर्षं डॉक्टर म्हणत आले होते आणि त्यात टिंगल किती, माया किती, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. "आता काय बुवा, बायकोचा पदर धरायचा नि उडायचं. पण तिकडे करणार काय तुम्ही? ती जाणार कामावर, आणि तुम्ही भाज्या चिरणार?"

तो हसला. नेहमी हसतो तसाच. तिकडे त्याच्या कामाला परवाना लागतो, परवान्याला दोन वर्षांचं शिक्षण आणि मग परीक्षा, हे तिनं त्याला समजावून सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, बरोबर आहे, करू की. इथे काच बोटांत धरली की तिचा उंचवटा त्याला डोळे मिटून कळतो. तिकडे ही बोटं भाजी चिरणार... मालकांनी विनोद केला होता, त्याला मात्र रात्रंदिवस तेच पोखरत होतं.

दुपारी एक आजोबा आले. लेकीनं पाठवलंय म्हणाले, पेपर वाचताना डोळ्यांतून पाणी येतं. त्यानं त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, काच घातली, तक्त्याचा दिवा लावला.

"आता कसं दिसतंय?"

"छान."

"आणि आता?"

"हेही छान."

दुसऱ्या वेळी त्यानं मुद्दाम उलट्या नंबरची काच घातली होती. हे त्याचं जुनं काम; दहातले सहा तरी खोटं बोलतात, पोटात काही पाप नसताना. शाळेत फळ्यावरचं वाचता न आल्याची लाज साठाव्या वर्षीही जात नाही, शिवाय समोरच्या माणसाला खट्टू करायला नको असतं. त्यानं तक्ता बदलला. आजोबांनी जुन्याच तक्त्यावरची अक्षरं खणखणीत आवाजात म्हणून दाखवली.

"आजोबा, ती आता तिथे नाहीत हो."

आजोबा ओशाळून हसले. "पाठ झाली होती. अहो, तुम्ही इतक्या आपुलकीनं विचारता, सारखं नाही-नाही काय म्हणायचं?"

एरवी तो यावर मनापासून हसला असता. आज त्याच्या हातातली काच तशीच राहिली. याच खुर्चीवर ती बसली होती, पाच वर्षांपूर्वी, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्यानं विचारलं होतं, हे बरं की हे? आणि ती म्हणाली होती, "दोन्ही वाईट." आणि हे? "नाही." आणि हे? "थांबा. घाई करू नका. बघून सांगते." चांगली पाऊण तास बसली, मागे रांग लागली, मालकांचा जीव खालीवर झाला, आणि त्याला वाटलं होतं की ही एवढी बाई आपल्या घरात असली तर कधी कुणाच्या मनातलं ओळखत बसावं लागणार नाही. तसंच झालं. तिचं कधीच ओळखावं लागलं नाही. पण ती मात्र चार वर्षं माझंच ओळखत बसली असेल. मी आधी जाते, तू मागून ये, चालेल? बरोबर आहे. वेळ लागेल हं. लागू दे की. एकटा राहशील ना नीट? म्हणजे काय! सगळी अक्षरं पाठ, तक्त्यावर काय आहे कुणी बघितलंय...

आणि गेल्या रविवारी. कसलंसं कागदाचं बोलणं चाललेलं, आणि मध्येच ती म्हणाली, "तुला यायचंय ना? मला खरं सांग." तो म्हणाला, "हा काय प्रश्न झाला? यायचंच आहे." शब्द संपायच्या आत म्हणाला. ती पलीकडून एवढंच म्हणाली, बरं.

मग सकाळी तो हात पुढे का गेला नाही? चष्मा हातभर अंतरावर. हा विचार त्यानं इतका वेळ अंगाला लावून घेतला नव्हता, आता तो सरळ समोरच येऊन बसला: मला ते चुकायलाच हवं होतं की काय? आपण नाही म्हणायचं नाही, वाईट व्हायचं नाही, एका परक्या बाईनं एक रकाना कोरा ठेवायचा आणि सगळं आपोआप लांबणीवर पडायचं... त्याला स्वतःची किळस आली. आजोबांना त्यानं तीन दिवसांनी या म्हणून सांगितलं, तेही दोनदा.

चारला फोन वाजला. ती उठून कामावर निघायच्या आधी या वेळेला करते. मागे चहाचं आधण उकळल्याचा आवाज असतो. तो फोन घेऊन मागच्या खोलीत गेला, मशीनपाशी.

"झालं का?"

"झालं."

"माझं नाव टाकलं ना त्यांनी नीट?"

टाकलं, हा शब्द जिभेवर तयार होता. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेला. त्यानं तो गिळला.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "फोटोसाठी चष्मा काढला होता. ती म्हणाली बघून घ्या, आणि मी... बरोबर आहे म्हणालो."

"न बघता?"

"न बघता."

"अरे, तीन आठवडे राहिलेत!" आधणाचा आवाज थांबला. तिनं गॅस बंद केला असावा. "कमाल आहे तुझी. मी इथे एकेक कागद जपतेय आणि तू... आता? आता काय करायचं?"

"पाचपर्यंत साहेब असतात. संध्याकाळी छपाईला जातं. वीस मिनिटं लागतात बसला."

"मग तू दुकानात काय करतोयस? जा की!"

"जातो," तो म्हणाला, आणि खुंटीवरची पिशवी घेतली, पावती आहे का बघितलं, जुना पासपोर्ट आहे का बघितलं. बाहेर मालकांना हातानंच खूण केली. रस्त्यावर ऊन होतं आणि फोन कानाशीच होता, कारण तिनं ठेवला नव्हता.

"ऐक ना," ती म्हणाली. आता आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "ते नाव असू दे, नसू दे, ते करता येईल काहीतरी. तुला यायचंय का? मी रागावणार नाही."

यायचंच आहे. म्हणजे काय. हा काय प्रश्न झाला. तिन्ही उत्तरं ओळीनं उभी राहिली, पाठ केलेली, खणखणीत, आणि तो रस्त्याच्या कडेला थांबला. त्यांच्यामागे काय होतं ते त्याला खरंच दिसत नव्हतं. ती खुर्ची होती, ते मशीन होतं, तिकडची दोन वर्षांची शाळा होती, आधणाचा आवाज होता जो त्याला रोज चारला हवाच असतो, हवा म्हणजे इतका की सुट्टीच्या दिवशी तो साडेतीनपासूनच फोन हातात घेऊन बसतो... हे सगळं एकमेकांत मिसळलेलं, कडा नसलेलं. भीती वाटत होती. पण सकाळी ट्रेसमोर वाटली तसली नाही. आता निदान हात पुढे गेलेला होता.

"थांब," तो म्हणाला. "घाई करू नकोस. बघून सांगतो."

कोपऱ्यावरून बस वळताना दिसली, तिच्या कपाळावरचा आकडा अजून वाचता येत नव्हता. तो चालायला लागला. तिनं फोन ठेवलेला नव्हता; तिचा श्वास ऐकू येत होता.