मधला निरोप्या

घरी ती चुकायची, स्टेजवर कधीच नाही. संशयाला सुरुवात इथूनच झाली. जगात उलटं असतं. माणूस घरात वाघ असतो आणि चार लोकांसमोर त्याचे हात लटपटतात. हिचं उजव्या करंगळीशेजारचं बोट वर्षभर बधिर होतं. घरच्या जुन्या कीबोर्डवर ते हमखास शेजारच्या पट्टीवर घसरायचं, आणि कार्यक्रमात मात्र दोन-दोन तास एक सूर वाकडा नाही! पहिले काही महिने तिनं ते मिरवलं. मग वाटायला लागलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

बँड घरचाच. नवरा ड्रम्सवर, कीबोर्डवर ही, आणि सगळ्या वायरींचा कर्ताधर्ता धाकटा दीर. पूर्वी तिच्या कीबोर्डचा आवाज कीबोर्डमधूनच निघून थेट स्पीकरला जायचा. मग दिरानं सुधारणा केली. पियानो, बासरी, व्हायोलिनचा ताफा, असे तिचे सगळे आवाज एका वेगळ्या यंत्रात गाण्यांच्या क्रमानं लावून टाकले. आता केबलमधून सूर जात नव्हता, नुसता निरोप जायचा: अमकी पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली. वाजायचं यंत्र. आणि कीबोर्ड नि यंत्र यांच्या मध्ये साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी.

"ही कशाला?" असं विचारलं की दीर म्हणायचा, "गाणं बदललं की आवाज आपोआप बदलतो वहिनी. तुम्ही नका डोकं घालू त्यात."

जो डोकं घालू नका म्हणतो, त्याच्याच कामात आधी डोकं घालावं. निरोप्या मध्ये बसला की निरोप बदलू शकतो, एवढं कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

त्या दिवशी चारला एका कारखान्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बारापर्यंत जोडाजोड झाली. दीर माइकची वायर ओढत हॉलच्या टोकाला गेला आणि ती कीबोर्डसमोर बसली. पहिलं गाणं सगळं पांढऱ्या पट्ट्यांचं. सुरुवात केली आणि तिसऱ्या सुराला मुद्दाम काळी दाबली.

स्पीकरमधून पांढरी वाजली.

पुन्हा दाबली. पुन्हा पांढरी. पाचही काळ्या ओळीनं दाबून बघितल्या, एकही काळी बोलली नाही. शेवटी तिनं अख्खं कोपर टेकवलं. गोंगाट झाला, पण बेसूर म्हणायची सोय नाही.

"अहो, ऐकलंत?"

नवरा ड्रमचा स्क्रू आवळत बसला होता. आधीच आवळलेला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तुला वाईट वाटेल म्हणून..." तो पुटपुटला.

लोक असंच म्हणतात. लाज स्वतःला वाटत असते आणि ओझं दुसऱ्याच्या वाईट वाटण्यावर टाकतात.

दीर धावत आला. "वहिनी, गाण्यात न बसणारी पट्टी दाबली गेली तर डबी शेजारची वाजवते, एवढंच. समोरच्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना! उद्या माझ्या जागी जाऊबाईंना बसवाल."

"तिला कुठं वाजवता येतं?"

"इथं माझ्या कोपरालाही येतंय भाऊजी. कधीपासून चाललंय हे?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

पावसाळ्यात तिनं एकटीनं सात मिनिटं वाजवलं होतं. त्याचं रेकॉर्डिंग तिनं माहेरी झाडून सगळ्यांना ऐकवलं होतं.

"त्या सात मिनिटांत किती चुका झाकल्यात?"

"डबी मोजत नाही वहिनी. एकही नसेल. किंवा..."

"किंवा चाळीस."

तिनं डबी उपटली, पर्समध्ये टाकून चेन ओढली, पर्स खांद्याला तिरकी अडकवली आणि केबल सरळ यंत्रात खुपसली.

"अहो वहिनी, आवाज कोण बदलणार मग?"

"बोटं आहेत मला. नऊ तर धडधाकट आहेत."

तिनं कागदी पट्टीवर गाण्यांपुढे आवाजांचे आकडे लिहिले आणि ती कीबोर्डच्या कडेला चिकटवली.

चारला हॉल भरला. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्याला आकडा बदलायचा राहिला आणि हळुवार गाण्यावर तुतारी फुटली. पुढच्या रांगेतला एक साहेब दचकला, मागे हशा झाला. तिसऱ्यात बोट घसरलं आणि भलताच सूर हॉलभर ऐकू गेला. नवऱ्यानं मान खाली घातली. दिराचा हात यंत्राकडे सरकला. तिनं वाजवता वाजवताच त्याच्याकडे असं पाहिलं की हात परत खिशात गेला.

चौथं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ गेलं. एकही सूर ढळला नाही.

टाळ्या पडल्या. तिनं आधी यंत्राच्या मागे वाकून केबल बघितली, मग पर्सची चेन उघडून आत हात घातला. डबी होती. नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं, आणि पाचव्या गाण्याचा आकडा दाबला.