विधुर वर, विधवा खाली

थोरल्या लेकाची, शेखरची एक खोड वनमालाबाईंना मुळीच खपत नसे. काम करायचं दुसऱ्यानं आणि हा मागे उभा राहून चकली मोडत हुकूम सोडणार. त्या रविवारीही हिंदी मुलखातल्या त्यांच्या शंकर नगरच्या घरात तेच चाललं होतं. मराठी मंडळाच्या वधूवर मेळाव्याचा फॉर्म संगणकावर तयार होत होता. करत होती धाकटी सून गंधाली. सॉफ्टवेअरच्या नोकरीत तिचा हात बसलेला. उरल्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचा नवरा अभिनव ट्रकखाली गेला, तेव्हापासून घरात तिचा आवाज फारसा निघत नसे.

नाव, वय, शिक्षण असे सगळे चौकोन तिने एका रेषेत बसवले होते, पंगतीत पाटाला पाट लावावा तसे. मुलांसाठी अविवाहित, विधुर. मुलींसाठी अविवाहित, विधवा.

"हे विधवा काहून वर घेतलं? खाली टाक," शेखर म्हणाला.

"भैया, लाइन बिगड़ जाएगी. विधुर भी तो ऊपर है."

"विधुर राहू दे. त्याची गोष्ट वेगळी."

मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव सोफ्यावरून म्हणाले, "हव, अन् रंगही फिक्का कर. पोट्टीच्या मायबापाची नजर पयले तिथंच पडली तर अपशकुन होते बाप्पा."

गंधालीने तो चौकोन ओढत ओढत पार तळाला, 'इतर'च्याही खाली नेऊन सोडला. करडा केला.

"आता चालते का पाहू," शेखर म्हणाला. "नमुन्याले गंधालीचंच नाव टाक. तिले तळाची जागा पाठ आहे."

गुलाबरावांचा हसताना बशीतला चहा सांडला. गंधाली स्वतःचं नाव टाइप करू लागली. तिची बोटं अडखळली नाहीत, हेच वनमालाबाईंना सोसवलं नाही. हाच शेखर पहिली बायको गेल्यावर वर्षश्राद्धाआधी बोहल्यावर चढला होता! तेव्हा कोणाला अपशकुन झाला नव्हता.

"गंधाली, तो डबा होता तिथं वर घे."

"आई, तुले कम्प्युटरातलं काय समजते?"

"चौथी शिकलेली आहो मी. पण कोणाले उठवून कोणाले बसवलं, ते दिसते मले." त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. "अन् तुझं नाव आता नमुना नाही. खरंच राहू देऊ का, पोरी?"

गंधालीने चौकोन वर नेला. रेषेत बसवला. मग मान न वळवता म्हणाली, "हव, आई. राहू द्या."

शेखर भडकला. "माझ्या भावाची बायको आहे ती! मेळाव्यात उभी केली तर मेलेल्याची काय इज्जत राहीन?"

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको पद्मजा हातातलं पीठ तसंच घेऊन थबकली. वनमालाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग लेकाकडे.

"मेलेल्याची इज्जत मले शिकवू नको, पोटचं पोरगं जाळून बसली मी. ऐक शेखर, उद्या तू मेला, तर तुझी तेरवी आटपली का पद्मजेसाठी पयलं स्थळ मीच पाहीन."