ढकलगाड्यावर चढलेली आई

मित्रांनो, मी एक जुना ढकलगाडा आहे. मला चाकं नाहीत, कारण मी सहजासहजी पुढे सरकू नये म्हणूनच मला बनवलं गेलं. पेन्सिल्व्हेनियातल्या एका पोलाद कारखान्याच्या गावात, शाळेच्या फुटबॉल मैदानाच्या कुंपणाशी मी पडून असतो. कारखान्यातल्या बापमंडळींनी उरलेले नळ जोडून माझा सांगाडा केला आणि पुढे पाच गाद्या बसवल्या, पाच पोरांनी खांदे लावून ढकलण्यासाठी. सरावाच्या वेळी मागच्या फळीवर कोच नोवाक स्वतः उभे राहायचे. ते चांगलेच खात्यापित्या घरचे होते, त्यामुळे माझं वजन भलतंच वाढायचं.

आमचा फुटबॉल अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन खेळायचा; त्यात चेंडू फेकणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. तेव्हा तो डेल होता. पण चेंडू फेकायला त्याला क्षणभर निवांत उभं राहता आलं पाहिजे, आणि समोरून अंगावर येणारे धटिंगण तसं उभं राहू देत नाहीत. त्यांना अडवतात ती पुढची पाच पोरं. टाळ्या डेलला, मुका मार यांना! त्यांचा घाम माझ्या गाद्यांत मुरला आहे, म्हणून मला तीच जवळची वाटतात.

त्यांतलाच एक एमिल बेनको. त्याची आई दर शुक्रवारी सामन्याला यायची. खेळ तिला कळत नसे. कर्ण्यावरून मुलाचं नाव कधी येतं, इकडेच तिचे कान असत. घरी जाताना कुंपणापाशी ती विचारायची, "एमिल, तू खेळतोस ना रे? का नुसताच उभा असतोस?"

"खेळतो गं आई."

"मग तुझं नाव कसं घेत नाहीत मेले?"

एमिल हेल्मेट काखेत मारून चालू लागे.

एका शुक्रवारी नाव आलं. मिसेस बेनको ताडकन उठल्या आणि टाळ्या पिटत ओरडल्या, "माझा मुलगा! माझा मुलगा तो!" सगळे प्रेक्षक खो-खो हसले. एमिलने समोरच्याचा सदरा धरून ठेवला होता आणि त्या चुकीपायी संघाला मागे सरकावं लागलं होतं. पुढच्या पाचांचं नाव पुकारलं जातं ते चुकल्यावरच. हे त्या माउलीला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिलने हेल्मेट कोचसमोर ठेवलं. "मी नाही खेळणार. माझ्यामुळे आईचं हसं झालं."

"ते घाल डोक्यात. आणि आईला घेऊन ये."

"तिला कशाला?"

"माझे पाय दुखतायत आज. गाड्यावर उभं राहायला कुणीतरी नको?"

मिसेस बेनको स्वयंपाकाच्या एप्रनमध्येच आल्या. कोचनी त्यांना हात देऊन फळीवर चढवलं. "नळ घट्ट धरा हं, बाई."

शिट्टी झाली. पाच खांदे एकदम आदळले. मी कण्हलो, पुढून उचलला गेलो आणि चिखल कापत निघालो. "अरे देवा! थांबवा रे!" बाई किंचाळल्या. मग त्यांनी वाकून पाहिलं. मुलाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

मी थांबलो तरी त्या खाली उतरेनात.

"हे रोज करतोस तू?"

"रोज."

"आणि ती समोरची पोरं?"

"ती याहून जोरात येतात, आई."

त्यांनी सगळ्यांदेखत एप्रनने त्याचं तोंड पुसलं. एकही पोरगा हसला नाही. मला रडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी मी नक्की रडलो असतो.

पुढच्या शुक्रवारी शेजारीण म्हणाली, "आज काही नाव आलं नाही हो तुमच्या एमिलचं."

"नकोच यायला! तो डेल बघा. सामना संपला, पण सदऱ्याला एक डाग तरी आहे का? ते माझ्या एमिलचं काम आहे."

आता कारखाना बंद पडला, कोच गेले, माझ्या गाद्या फाटल्या. मित्रांनो, मला थोडं तेल दिलंत तर बरं वाटेल. नाही दिलंत तरी राग नाही. पण कुणी स्वच्छ सदऱ्यात टाळ्या घेताना दिसला, तर चिखलाने माखलेलं कोण आहे, तेही जरा पाहत जा.